साहित्य आणि कृती : मराठी पाकपुस्तकांतील भाजीचा विचार

मराठी पाकपुस्तकातील पाककृतीचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिल्याचे शीर्षक 'साहित्य', दुसऱ्याचे 'कृती'. ज्या विभागात 'साहित्य' हा शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो, तेथे त्याच्या ह्या दुसऱ्या अर्थाकडे कोणी फारसे वळलेले दिसत नाही. पाकपुस्तक हे उपयुक्त लेखन, त्याचा वाङ्मयाशी संबंध काय, असा आपला समज असतो. परंतु सूचना देणारे गद्य हा भाषेच्या कसोटीचा एक कठीण प्रकार आहे. कथेतील वाक्य फसले तर वाचक पान उलटतो. पाककृतीतील वाक्य फसले तर घरातील चार माणसे अर्धपोटी उठतात.

प्रस्तुत लेखात मी ह्या लेखनाच्या एका लहान भागाचा, म्हणजे रोजच्या जेवणातील भाजीविषयीच्या लेखनाचा, भाषेच्या अंगाने विचार करणार आहे. पक्वान्ने मुद्दाम वगळली आहेत. पुरणपोळी वर्षातून चार वेळा होते; ती पुस्तक उघडून करता येते. भाजी रोज दोन वेळा करावयाची असते आणि रोज दोन वेळा कोणी पुस्तक उघडीत नाही. म्हणून भाजीविषयीच्या लेखनाची कसोटी निराळी धरली पाहिजे. पुस्तक मिटल्यावर वाचकाला काय करता येते, ही ती कसोटी होय.

हा प्रश्न केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाचाही नाही. प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात फळे व भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम असाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बटाटा, रताळे ह्यांसारखी पिठूळ कंदमुळे ती त्यात धरीत नाही. आता आपली मंडईतील मापे पाहावीत. भाजी पाव किलो घेतली जाते आणि चौघांच्या घरात ती एका वेळेस पुरवली जाते. साल, देठ, शिरा काढल्यावर माणशी साठ ग्रॅमही उरत नाहीत. दोन्ही वेळा भाजी झाली तरी सव्वाशेच्या पलीकडे मजल जात नाही. आणि त्यातली एक बटाट्याची असेल तर हिशेब आणखी खाली येतो. फळांचा वाटा उदार मनाने धरला तरी मोठी तूट राहते. ताटातील 'भाजी' नावाच्या एका जागेतून ती भरून निघणे शक्य नाही, हे साधे गणित आहे.

येथेच पहिली भाषिक अडचण उभी राहते. मराठीत मंडईतून आणलेली ती भाजी आणि कढईत झालेली तीही भाजी. कच्चा पदार्थ आणि सिद्ध पदार्थ ह्यांना एकच नाव असल्यामुळे पहिल्याची परिणती दुसऱ्यातच व्हावयाची, असा एक अबोल ग्रह भाषेत तयार होतो. प्रत्यक्ष स्वयंपाकघर मात्र ह्या ग्रहाप्रमाणे वागत आलेले नाही. तेथे भाजी कोशिंबीर होते, भरीत होते, चटणी होते. शेवग्याची शेंग आमटीत पडते, मेथी थालीपिठात मळली जाते, तोंडली मसालेभातात जातात, कोथिंबिरीची वडी होते, लाल भोपळ्याचे घारगे होतात. ह्यांपैकी कशालाही आपण 'भाजी' म्हणत नाही. म्हणजे आपण भाजी खातो त्यातली पुष्कळशी दुसऱ्या नावांनी खातो, आणि ताट भरते ते ह्या दुसऱ्या नावांमुळे.

पाकपुस्तकांनी नेमका हाच दुवा सैल केला. त्यांची प्रकरणे बहुधा पदार्थाच्या जातीप्रमाणे पाडलेली असतात: भाज्या, आमट्या, कोशिंबिरी, चटण्या, न्याहारीचे पदार्थ. मेथीची जुडी हाती घेऊन बसलेल्या माणसाला तिचे पाच उपयोग पाच प्रकरणांत शोधावे लागतात, आणि तो ते शोधीत नाही. भाज्यांचे प्रकरण उघडतो, एक कृती करतो, उरलेली अर्धी जुडी पिवळी पडू देतो. मुळ्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. मुळा किसून कोशिंबीर होते, पाल्याची पीठ पेरून भाजी होते, आणि झाड फुलून शेंगा धरल्यावर त्या शेंगांची, म्हणजे डिंगऱ्यांची, निराळी भाजी होते. एकाच झाडाचे तीन पदार्थ पुस्तकातील तीन ठिकाणी विखुरले, तर त्यातला तिसरा विसरला जाणे क्रमप्राप्तच आहे. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना 'डिंगरी' हा शब्द मी अनेक वर्षे विचारीत आलो आहे. ओळखणारे हात वर्षागणिक कमी होत गेले.

संस्कृत परंपरेने शाकाचे दहा प्रकार मानले आहेत: मूळ, पान, कोंब, शेंडा, फळ, खोड, बीजाला फुटलेला अंकुर, साल, फूल आणि छत्रक. ही वर्गवारी वनस्पतीच्या अवयवांवर आधारलेली आहे, आणि झाडाकडे पाहणाऱ्याला ती 'ह्याचे आणखी काय खाता येईल' हा प्रश्न सुचविते. आपली आजची वर्गवारी पालेभाजी, फळभाजी, शेंगभाजी आणि कंद ह्या चार खणांची आहे. फूल आणि साल तिच्यातून गळून पडले. हादग्याची व शेवग्याची फुले, दोडक्याच्या शिरांची चटणी, अळूच्या देठांची दह्यातील देठी ही सगळी घरातील जुन्या माणसांच्या तोंडी आहेत, परंतु पुस्तकात ती आलीच तर 'टाकाऊतून टिकाऊ' अशा काहीशा केविलवाण्या मथळ्याखाली येतात. देठी हा स्वतंत्र पदार्थ आहे, त्याला स्वतःचे नाव आहे. त्याला टाकाऊ ठरविण्याचे काहीच कारण नव्हते.

मराठी पाकपुस्तकांचा सविस्तर इतिहास सांगण्याचे हे स्थळ नव्हे. तीन नावे पुरेत. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. सूप म्हणजे वरण; सूपकार म्हणजे आचारी. पाकविद्येला वरणावरून नाव मिळावे ही परंपरा जुनीच आहे, आणि आपल्या जेवणाचा मध्य कोठे मानला गेला होता हे तीवरून कळते. त्यानंतर लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणी-मित्र'. ह्याच्या उपशीर्षकातच एक हजार पाकक्रियांचा उल्लेख आहे. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांचे 'रुचिरा' आले आणि मराठी मध्यमवर्गीय घरांत ते जवळजवळ कोशासारखे वापरले गेले.

मला थांबावयाचे आहे ते त्या 'एक हजार' ह्या आकड्यापाशी. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी एक आख्यायिका सांगितली आहे, ती आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द सुटा सुटा सांगून भाषा शिकविण्याचा प्रयत्न केला. एक हजार दिव्य वर्षे लोटली, तरी शब्दांचा अंत लागला नाही. पतंजलीचा निष्कर्ष असा की, शब्द मोजून भाषा शिकविता येत नाही. सामान्य नियम आणि त्याचे अपवाद सांगावे लागतात. आपली पाकपुस्तके बृहस्पतीच्या मार्गाने गेली. कृतींची संख्या हेच त्यांचे भूषण झाले. हजार कृती वाचून माणूस हजार वाक्ये पाठ करतो. एक हजार एकावे वाक्य त्याला रचता येत नाही. मंडईत अनोळखी पालेभाजी दिसली की तो पुढे सरकतो, कारण ती 'पुस्तकात नाही'.

घरात शिकलेला माणूस पुढे सरकत नाही, कारण त्याच्यापाशी व्याकरण असते. ते कोणी त्याला सूत्ररूपाने सांगितलेले नसते; पण सांगता येण्यासारखे असते. पालेभाजीपुरते ते येथे मांडून पाहतो. पालेभाजीला जोडीदार लागतो, हा उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम. जोडीदार मुख्यतः चार: भिजविलेली डाळ, शेंगदाणे अथवा त्यांचे कूट, डाळीचे पीठ, आणि ओले खोबरे. देशावर कूट, कोकणात खोबरे, हा बोलीभेद समजावा. पान कडवट अथवा उग्र असेल, जसे मेथी किंवा शेपू, तर मुगाची डाळ. पान मऊ आणि शिजून लिबलिबीत होणारे असेल, जसे चाकवत, तर ताक आणि पीठ. पान मुळातच आंबट असेल, जसे अंबाडी, तर आंबटपणा पोटात घेणारे धान्य, म्हणजे तांदळाच्या अथवा ज्वारीच्या कण्या, आणि वरून लसणीची फोडणी. आता अपवाद. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो; तेथे डाळ-दाण्यांच्या जोडीला चिंच किंवा आंबट चुका आलाच पाहिजे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या शेवळांबरोबर काकडाची आंबट फळे घालतात, तीही ह्याच अपवादाखाली. एवढे जाणणाऱ्याच्या हाती कुर्डू द्या, टाकळा द्या, माठ द्या, घोळ द्या. कोवळे पान तोंडात घालून तो चव पाहील आणि जोडीदार ठरवील. चूक होईल, परंतु ती व्याकरणातील चूक असेल आणि दुसऱ्या वेळेस सुधारेल.

'रुचिरा'चे यश मला ह्याच दृष्टीने महत्त्वाचे वाटते. त्या पुस्तकाने वाटी आणि चमचा ही घरातील मापे स्वीकारली, आणि ह्या गोष्टीची सोय म्हणून नेहमी वाखाणणी होते. परंतु तिचा भाषिक परिणाम अधिक खोल आहे. ग्रॅम हे निरपेक्ष माप आहे. वाटी हे सापेक्ष माप आहे. प्रत्येक घरातली वाटी निराळी, म्हणून 'दोन वाट्या ह्याला अर्धी वाटी ते' हे विधान वस्तुतः प्रमाणाचे विधान होते. वस्तूंची यादी म्हणून छापलेले 'साहित्य' अशा रीतीने नियमाच्या दिशेने एक पाऊल टाकते. मात्र भाजीच्या बाबतीत वाटी हतबल होते. चिरलेली पालेभाजी वाटीत दाबून भरावी की सैल, हा प्रश्न कोणत्याच मापाने सुटलेला नाही.

आता क्रियापदांकडे येतो. माझ्या मते खरी मेख तेथे आहे. पाककृतीच्या गद्याचा नमुना म्हणून मी स्वतःच एक वाक्य रचतो: "मेथी निवडून, धुऊन, बारीक चिरून तेलात परतावी." ह्या वाक्यात चार क्रिया आहेत. पहिल्या तीन '-ऊन' प्रत्ययान्त, म्हणजे गौण. वाक्याचा भार चौथ्या क्रियेवर, 'परतावी' हिच्यावर. परतण्यास पाच मिनिटे पुरतात. निवडणे, धुणे आणि चिरणे ह्यांस मिळून अर्धा तास सहज लागतो. म्हणजे ज्या क्रियेत सर्वांत अधिक श्रम, तिला वाक्यात सर्वांत कमी वजन. '-ऊन' हा प्रत्यय मराठी गद्याला मोठा उपकारक आहे, परंतु पाककृतीत त्याने श्रम गिळून टाकला आहे.

दुसरी गोष्ट कर्त्याची. '-ावे' ह्या विध्यर्थी रूपाला कर्ता हवा असल्यास तो तृतीयेत येतो: 'तिने भाजी निवडावी'. पाककृतीत तो कधीच येत नाही. भाजी निवडली जावी, कोणी निवडावी ते विचारू नये. एकत्र कुटुंबात ह्या लोपाने बिघडत नव्हते. दुपारी तीन बायका ओसरीवर बसून गप्पांच्या नादात दोन जुड्या निवडून मोकळ्या होत. तो काळ रम्य होता असे मला सुचवावयाचे नाही; त्या तिघींना विचारले असते तर त्यांनी कदाचित निराळे सांगितले असते. परंतु लुप्त कर्ता तेथे बहुवचनी होता. आज तो एकवचनी आहे, संध्याकाळी सात वाजता कचेरीतून परतलेला आहे, आणि बहुतेक घरांत अजूनही स्त्रीलिंगी आहे. तिच्यापुढे पुस्तक 'निवडून' हा शब्द टाकते आणि पुढे जाते.

ह्याचा परिणाम ताटावर झालेला दिसतो. ज्या भाज्यांना 'निवडणे' हे क्रियापद लागत नाही त्या टिकल्या: बटाटा, फ्लॉवर, कोबी, भेंडी, ढोबळी मिरची. ज्यांना 'निवडणे' लागते, 'मोडणे' लागते (गवार, घेवडा), 'सोलणे' लागते (मोड आलेले वाल), त्या आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, मग सणावारी. लोकांना पालेभाजी आवडत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. पालेभाजी आयती वाढली तर ती आवडीने खाणारे लोक मी सर्वत्र पाहतो. त्यांना न आवडणारी गोष्ट वाक्याच्या पहिल्या भागात आहे. अधिक भाजी खावी असे सांगणाऱ्या लेखनाने प्रथम निवडण्याविषयी लिहिले पाहिजे: किती वेळ लागेल, आदल्या रात्री काय करून ठेवता येईल, कोणता देठ खरोखर काढावयाचा आणि कोणता कोवळा म्हणून ठेवता येतो, आणि घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती जुडी देता येईल. शेवटच्या मुद्द्यासाठी तृतीयेतील कर्ता परत आणावा लागेल.

दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमांनी क्रियापदाचे रूप बदलले. तेथे "आता आपण कांदा परतून घेणार आहोत" अशी भविष्यकाळी, प्रथमपुरुषी, अनेकवचनी रचना रूढ झाली आहे. शुद्धिवादी तिच्यावर नाक मुरडतात. मला ती 'परतावा'पेक्षा अधिक माणसाळलेली वाटते, निदान तीत कोणीतरी उभे आहे. परंतु ह्या कार्यक्रमांत भाजी चिरलेल्या स्थितीतच काचेच्या वाडग्यातून अवतरते. पुस्तकाने '-ऊन'मध्ये दडविलेला श्रम येथे समूळ नाहीसा झाला. जाता जाता आणखी एक निरीक्षण नोंदवितो. जुन्या लेखनात 'चवीपुरते मीठ' असे. आता 'चवीनुसार मीठ' वाढत चालले आहे. पहिल्यात मीठ पदार्थाच्या चवीसाठी आहे, दुसऱ्यात खाणाराच्या मर्जीसाठी. भाजीत, आणि विशेषतः पालेभाजीत, पहिलाच शब्द योग्य. पालेभाजी मिठाची मर्जी चालू देत नाही.

ह्याचा अनुभव मी विद्यार्थिदशेत, खोली घेऊन राहत असताना, घेतला. पुस्तक समोर ठेवून पालक चिरला, पातेले काठोकाठ भरले, त्या ढिगाला शोभेल इतके मीठ घातले. पानांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. पाच मिनिटांत ढीग तळाशी जाऊन बसला आणि मीठ मात्र होते तितकेच राहिले. 'पालेभाजी आळते, म्हणून मीठ ती आळल्यावर घालावे' एवढे एक वाक्य त्या पुस्तकात नव्हते. 'आळणे' हे क्रियापद मला ठाऊक होते, दुधाच्या संदर्भात. भाजीच्या संदर्भात ते कोणी लिहून ठेवण्याची गरज आहे असे लेखिकेला वाटले नसावे, कारण तिच्या कल्पनेतील वाचकाला ते आईकडून मिळालेलेच होते.

मराठी पाकपुस्तकांतील बहुतेक उणिवांचे मूळ ह्या कल्पित वाचकात आहे. ज्याला स्वयंपाक येतो त्याला आठवण करून देण्यासाठी ती लिहिली गेली, आणि ज्याला येत नाही त्याच्या हाती पडली. सुक्या भाजीवर झाकणात पाणी ठेवावे, ही सूचना घ्या. ती सर्वत्र आढळते. कारण क्वचितच आढळते. झाकणावरील गार पाण्याने वाफेचे पुन्हा पाणी होऊन ते भाजीवर ठिबकते, त्यामुळे वरून पाणी न घालता भाजी स्वतःच्या ओलाव्यात शिजते आणि करपत नाही. शिवाय लागलेच तर घालावयास ऊन पाणी हाताशी राहते. कारण कळले की ती सूचना फरसबीला, कोबीला, तोंडल्यांना, कशालाही लावता येते. कारण न कळता ती ज्या कृतीत छापली तेवढ्याच कृतीची राहते.

अवस्था सांगणाऱ्या शब्दांची आपल्याकडे वाण नाही. कच्ची असताना भाजी कोवळी, जून किंवा निबर; शिजताना ती पाणी सोडते, आळते, अंगच्या पाण्यात शिजते; शिजल्यावर कच्चट, मऊ, पचपचीत, गिचका झालेली किंवा खमंग. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पाकविषयक पुस्तकाला 'खमंग' हेच नाव दिले, आणि भाषेची जाण असलेल्या लेखिकेने वस्तूचे नाव सोडून गुणाचे नाव निवडावे हे लक्षणीय आहे. मिनिटांचे आकडे ह्या शब्दांची जागा घेऊ शकत नाहीत. जून गवार आणि कोवळी गवार एकाच वेळेत शिजत नाहीत. 'दहा मिनिटे' हे दोहोंपैकी एकीच्या बाबतीत असत्य ठरणारच. तरीही अलीकडच्या पुस्तकांचा कल आकड्यांकडे आहे, कारण आकडा शास्त्रीय दिसतो.

ऋतूविषयीही हेच. भोगीच्या भाजीची यादी पाहावी: ओला हरभरा, पावटा, वाटाणा, वांगे, गाजर, तीळ, कोठे बोरेही. ही यादी मुळात उघडी आहे. पौषात शिवारात जे आले असेल ते तिच्यात जाते, आणि तिळाचे कूट सर्वांना बांधते. ऋषिपंचमीच्या भाजीचाही घाट असाच: बैलाच्या कष्टाने न पिकलेले जे मिळेल ते. दोन्ही भाज्या नियमाने सिद्ध होणाऱ्या आहेत. पुस्तकात मात्र त्यांची यादी वजनांसह बंद होते, आणि एक जिन्नस मिळाला नाही म्हणून त्या वर्षी बेत रद्द करणारी घरे मला माहीत आहेत.

नियमांचे पुस्तक लिहिणे सोपे आहे असे मी मानीत नाही. वर मांडलेले पालेभाजीचे सूत्र लिहिताना मी एका शब्दापाशी बराच वेळ अडलो. पीठ लावलेली पातळ भाजी झाली की नाही हे ठरविताना घरात विचारतात, "मिळून आली का?" पीठ, पाणी आणि पान एकजीव होऊन भाजीला एकच अंग येणे, असा त्याचा अर्थ. कोशातील अर्थाने नवशिक्याचे काम भागत नाही, आणि वेळ सांगून तर मुळीच नाही. शेवटी मी लिहिले ते असे: भाजी घोटून, पीठ लावून, उकळी आली की पळीभर ताटलीत घालावी, कडेने हिरवट पाणी सुटून वाहू लागले तर ती अद्याप मिळून आलेली नाही, चमचाभर पीठ थोड्या पाण्यात कालवून लावावे आणि आणखी उकळावी. हे टिपण मी स्वयंपाक न येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना दिले. एकाची चाकवताची भाजी मिळून आली. दुसऱ्याने पीठ कोरडेच टाकले आणि गुठळ्या झाल्या. 'कालवून' हा शब्द त्याने वाचला होता, परंतु तो '-ऊन'मध्ये होता.